पावसाळ्यात कोकरांना जंत झालेत, औषध दोनदा पाजलं तरी फरक नाही, काय करायचं?

कागल भागातल्या एका मेंढपाळ दादांनी विचारलंय. चाळीसभर कोकरं आहेत, तीन साडेतीन महिन्यांची, आयांसोबत गावच्या गायरानात आणि ओढ्याच्या कडंनं चरतायत. गणपती झाल्यापासून काहींच्या जबड्याखाली पाणी उतरायला लागलंय, काही पातळ हगतायत, दुकानातनं अल्बेंडाझोल आणून पंधरा दिवसांत दोनदा पाजलं तरी दोन कोकरं गेली, आता कुठलं औषध द्यावं आणि पुढच्या पावसाळ्यात असं होऊ नये म्हणून काय करावं.

दादा, औषधाचं नाव सांगतो, पण आधी एक गोष्ट नीट बघूया, कारण तुम्ही लिहिलंय त्यात मला दोन वेगवेगळे त्रास दिसतायत आणि दोन्हीला एकच बाटली पाजली गेलीय. ज्या कोकरांच्या जबड्याखाली पाणी आलंय त्यांच्या लेंड्या कशा आहेत ते उद्या सकाळी बघा. माझा अंदाज आहे की त्यांच्या लेंड्या घट्ट, कोरड्याच असणार. आणि जी पातळ हगतायत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या जबड्याखाली काही नसणार.

जबड्याखाली पाणी, डोळ्याची आतली कड पांढरी, कोकरू कळपाच्या मागं राहतंय, चार पावलं चाललं की धापा टाकतंय आणि तरी लेंडी घट्ट, हे सगळं बहुतेक रक्त पिणाऱ्या जंताचं काम. हिमोंकस म्हणतात त्याला. चौथ्या पोटात राहतोय, सुतळीच्या धाग्याएवढा, लालपांढऱ्या पिळाचा, कोकरू मेल्यावर लगेच पोट उघडलं तर नुसत्या डोळ्यानं वळवळताना दिसतोय. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त खातोय. ऐकायला काहीच नाही, पण हजार जंत असले तर दिवसाला ५० मिली झालं, आणि बारा किलोच्या कोकराच्या अंगात सगळं मिळून रक्त असतंय ८०० मिलीच्या आसपास. म्हणून तर परवापर्यंत उड्या मारणारं कोकरू बघता बघता आडवं पडतंय. रक्तातलं प्रोटीन गेलं की अंगातलं पाणी खाली उतरतंय, कोकरू दिवसभर मान खाली घालून चरतंय म्हणून ते जबड्याखाली साठतंय. संध्याकाळी सूज जास्त आणि सकाळी कमी दिसली तर बरं झालं असं समजू नका, रात्रभर मान वर राहिली एवढंच त्याचं कारण.

आता आधी काय करायचं ते. सगळी चाळीस कोकरं एकेक करून धरा, सावलीत नको, उजेडात. वरच्या पापणीवर अंगठा हलका दाबायचा, डोळा आत जातोय, मग दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी ओढायची आणि आतली कातडी बघायची. लालभडक किंवा लालसर गुलाबी असेल तर ते कोकरू रक्तानं ठीक आहे. फिकट गुलाबी झालं की कोकराला औषध द्यायचं, मोठ्या धडधाकट मेंढीला थोडं थांबून परत बघता येतंय पण कोकराला नाही. पांढरट किंवा कागदासारखं पांढरं असेल तर त्याच दिवशी औषध. ह्याचा पाच रंगांचा तक्ता मिळतोय, फमाचा नावाचा, दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांसाठीच तयार झालेला, डॉक्टरांकडनं एकदा बघून घ्या म्हणजे नजर बसती. ज्या कोकरांना औषध दिलं त्यांच्या पाठीवर रंगाचा पट्टा मारा, हे विसरू नका, पुढं सांगतो का ते.

जी अगदी पांढरी आहेत त्यांना लांब चरायला हाकू नका. अशी कोकरं रोगापेक्षा धावपळीनंच मरताना बघितलीत मी, औषध पाजायला म्हणून कुत्र्यामागं पळवली आणि हातात येईस्तोवर गेली. वाघर (जाळीचं कुंपण) लावून तळावरच ठेवा, तिथंच पाणी, तिथंच वाढलेली शेवरी नाहीतर सुबाभूळ कापून टाका, मूठभर शेंगपेंड भिजवून द्या. लोहाचं आणि बी-१२ चं इंजेक्शन डॉक्टर देतील. एखादं भारी जातीचं कोकरू असंल तर धडधाकट मेंढीचं रक्तही चढवता येतंय, पहिल्यांदा चढवताना मेंढ्यांत सहसा त्रास होत नाही, पण ते डॉक्टरांचंच काम, घरी करायचा विषय नाही.

औषध कुठलं? तुम्ही अल्बेंडाझोल पंधरा दिवसांत दोनदा पाजलं आणि तरी सूज येतीय, म्हणजे हिमोंकसच असेल तर मुख्य शक्यता दोन. एक, डोस कमी पडला. दोन, तुमच्या रानातल्या जंतांना ते औषध लागूच होत नाही. दुसरी शक्यता आपल्याकडं खूप आहे, कारण वर्षानुवर्षं स्वस्त आणि सहज मिळतंय म्हणून सगळ्यांनी तेच पाजलंय, आणि फेनबेंडाझोल त्याचाच भाऊ, नाव बदललं तरी घराणं एकच, त्यामुळं अल्बेंडाझोल चालत नसेल तर फेनबेंडाझोल आणून पैसे घालवू नका. घराणं बदलायचं. रक्तपित्या जंतावर क्लोझान्टेल चांगलं काम करतंय, किलोला १० मिलिग्रॅम. लेव्हामिसोल किलोला ७.५ मिलिग्रॅम, आयव्हरमेक्टिन किलोला ०.२ मिलिग्रॅम. ह्यातलं कुठलं ते तुमच्या डॉक्टरांना कोकरं दाखवून ठरवा, कारण मागच्या दोन वर्षांत त्या गावात काय काय वापरलं गेलंय ते त्यांना माहीत असतंय. आणि क्लोझान्टेल अंदाजानं पाजू नका, डोस जास्त झाला तर जनावर आंधळं होतंय. लेव्हामिसोलचंही तसंच, दुप्पट गेलं तरी लाळ गळती, अंग थरथरतंय.

डोसचा हिशेब एकदा पक्का करून घ्या कारण निम्मं नुकसान इथंच होतंय. अल्बेंडाझोलचं जे पातळ औषध २.५ टक्क्याचं मिळतंय त्यात एका मिलीत २५ मिलिग्रॅम असतंय. १२ किलोच्या कोकराला ७.५ नं गुणलं की ९० मिलिग्रॅम, म्हणजे ३.६ मिली. आता बरेच जण काय करतात, बाटलीचं टोपण भरून सगळ्यांना सारखं, नाहीतर "लहान हाय, दोन मिली बास". १८ किलोच्या कोकराला दोन मिली गेलं तर जंत मरत नाहीत, नुसती तालीम होती त्यांची, जे तगले त्यांचीच पिलावळ पुढं रानात पसरती. आणि आयव्हरमेक्टिनचं १ टक्क्याचं इंजेक्शन ५० किलोला १ मिली असतंय, म्हणजे १५ किलोच्या कोकराला फक्त ०.३ मिली, ते मोठ्या सिरिंजनं मोजताच येत नाही, १ मिलीची बारीक सिरिंज घ्या. वजनासाठी लटकता ताणकाटा आणि एक पोतं, एवढं पुरतंय. सगळ्यांचं वजन जमत नसेल तर अंगानं सारखी असलेली कोकरं एकत्र करा आणि त्यातल्या सगळ्यात जड कोकराच्या वजनानं त्या गटाला डोस द्या, सरासरी काढायची नाही. (क्लोझान्टेल आणि लेव्हामिसोलला मात्र गट बारीक पाडा, म्हणजे गटातल्या हलक्याला जास्त जाणार नाही.)

पाजताना मान आभाळाकडं करू नका, औषध फुप्फुसात जातंय आणि मग न्यूमोनियानं कोकरू जातंय आणि नाव औषधाचं होतंय. मान सरळ, तोंडाच्या कोपऱ्यातनं नळी आत, जिभेच्या मागच्या भागावर सोडायचं. तोंडात पुढंच सोडलं तर काही वेळा औषध पहिलं पोट चुकवून थेट पुढं सरकतंय आणि असर कमी होतोय.

औषध लागू झालं का ते कसं कळणार? लेंड्या तपासून. डोस द्यायच्या दिवशी दहा-पंधरा कोकरांच्या लेंड्या आणि बरोबर दोन आठवड्यांनी त्याच कोकरांच्या लेंड्या, म्हणून तर रंगाचा पट्टा. जमिनीवरच्या गोळा करू नका, हातमोजा घालून गुदद्वारातनंच काढा, प्रत्येकाच्या चार-पाच ग्रॅम, पिशवीतली हवा दाबून काढा, थंड डब्यात ठेवा, गोठवू नका, आणि त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नाहीतर जिल्ह्याच्या रोगनिदान प्रयोगशाळेत पोचवा. एका ग्रॅममध्ये किती अंडी ते मोजतात. अंडी ९५ टक्क्यांच्या वर कमी झाली नाहीत तर ते औषध तुमच्या कळपात थकलंय असं समजा. एवढ्या एका तपासणीनं पुढच्या दोन-तीन वर्षांचा औषधाचा खर्च वाचतोय, तरी लोक करत नाहीत, ह्याचं मला खरंच वाईट वाटतंय.

आता पातळ हगणारी. त्यांच्यात तीन-चार कारणं असू शकतात. एक म्हणजे आतड्यातले बारीक जंत, त्यांनी रक्त फारसं जात नाही पण हगवण लागती, भूक जाती, शेपटीखालची लोकर घाण होती. दुसरं कॉक्सिडिया, हा जंतच नाही, एकपेशीय जीव आहे, आणि जंताचं कुठलंही औषध त्याला लागू पडत नाही. तीन आठवड्यांपासून तीन-चार महिन्यांपर्यंतच्या कोकरांत जास्त, तळ ओला असेल, गर्दी असेल, कोकरं एकाच चिखलात झोपत असतील तर हमखास. हगवणीत आव, कधी रक्ताचे धागे, कोकरू जोर करतंय. त्याला सल्फा गटाची औषधं, ॲम्प्रोलियम नाहीतर टोल्ट्राझुरिल लागतंय, आणि सगळ्यात आधी जागा कोरडी करायला लागती. तुमचं अल्बेंडाझोल ह्या कोकरांना लागू पडलं नाही ह्यात औषधाचा दोष नसूही शकतो. हगवण लागलेल्या कोकराला मीठ-साखरेचं पाणी दिवसातनं चार वेळा पाजत राहा, पाणी कमी पडूनच ती जातात.

लेंडीत भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे दिसले की लोक घाबरून येतात. तो पट्टकृमी. दिसायला भीतीदायक, पण त्यानं कोकरं क्वचितच मरतात, प्राझिक्वान्टेलनं जातोय. पांढरे तुकडे दिसले म्हणून त्यावरच औषध करत बसायचं आणि न दिसणारा रक्तपित्या तसाच सोडायचा, असं होऊ देऊ नका.

तुम्ही ओढ्याच्या कडंनं चारताय असं लिहिलंय, तिथं मला जास्त काळजी आहे. पर्णकृमी, म्हणजे यकृतातला चपटा कृमी, आणि पहिल्या पोटातला चपटा कृमी, हे दोन्ही पाण्यातल्या गोगलगाईतनं येतात. गोगलगाईतनं बाहेर पडून काठाच्या गवतावर, भाताच्या धसकटावर चिकटून बसतात आणि ओलावा असेल तर बरेच दिवस जिवंत राहतात. हे म्हशींनाही होतात आणि म्हशींकडनं मेंढरांनाही, म्हणजे म्हशी ज्या डोहात डुंबतात त्याच्या काठाचं हिरवंगार गवत हे कोकरासाठी सगळ्यात वाईट गवत. पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठाला पूर ओसरल्यावर जे लुसलुशीत गवत येतंय तेही तसलंच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी शिवारात कुठवर आलं होतं ते गावातल्या सगळ्यांना माहीत आहे, पुराचं पाणी जिथं साचून राहतंय तिथं गोगलगाईही जाऊन बसतात. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगडकडं भाताचं रान जास्त, तिकडं सुगीनंतर ओल्या खाचरात मेंढरं सोडताना हाच विचार करायचा.

यकृतातल्या कृमीनंही डोळे पांढरे होतात आणि जबड्याखाली पाणी येतंय, म्हणून नुसत्या लक्षणावरनं हिमोंकस का पर्णकृमी ते सांगता येत नाही. आयव्हरमेक्टिन चपट्या कृमींवर काहीच करत नाही. क्लोझान्टेल दोन्हीवर चालतंय, पण अगदी कोवळ्या पर्णकृमीवर ट्रायक्लाबेंडाझोलच लागतंय, आणि पोटातल्या चपट्यावर ऑक्सिक्लोझानाइड. पोटातल्या चपट्याची कोवळी पिल्लं आतड्यात असतात तेव्हा पाण्यासारखी, घाण वासाची हगवण लागती आणि त्या वेळी लेंडीत अंडी सापडतच नाहीत, त्यामुळं तपासणीत काही नाही आलं म्हणून गप्प बसू नका. मेलेलं कोकरू पुरण्याआधी डॉक्टरांना बोलावून उघडून बघा, १९६२ ला फोन केला तर फिरतं पथकही येतंय. एका मेलेल्या कोकराच्या पोटातनं जेवढं कळतंय तेवढं दहा बाटल्या पाजून कळत नाही.

आता पुढच्या वर्षीचं. ह्यात औषध थोडं आणि रान जास्त. हिमोंकसची एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी टाकती, ती लेंडीतनं गवतात पडतात, ऊब आणि ओल असली की आठवड्याभरात त्यातनं अळी तयार होती आणि दवाच्या पाण्यातनं गवताच्या पात्यावर चढती. खाल्ल्यावर तीन आठवड्यांत परत तिचा जंत होऊन अंडी सुरू. म्हणजे जूनच्या पहिल्या पावसाला दोन-चार मेंढ्यांत थोडे जंत असले तरी ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत तेच रान भरून जातंय, आणि नेमकी तेव्हाच कोकरं दूध कमी करून गवतावर येतात. तुमची गणपतीनंतरची तारीख त्याच हिशेबात बसती.

ह्यातनं जे करता येतंय ते असं. अळ्या बहुतेक गवताच्या खालच्या दोन-तीन इंचातच असतात, तर चार बोटांच्या वर गवत राहील तोवरच चारा, बुडखे खायला लावू नका. पावसाळ्यात सकाळी लवकर सोडू नका, दव वाळू द्या, ऊन पडू द्या. एका तुकड्यात चार-पाच दिवसांच्या वर चारायचं नाही, कारण पडलेल्या लेंडीतनं अळी तयार व्हायच्या आत तिथनं निघायचं असतंय, आणि परत त्या तुकड्यात निदान दीड-दोन महिने यायचं नाही. गायरान सगळ्या गावाचं असतंय, तिथं हे जमत नाही हे मलाही माहीत आहे. मग निदान कोकरांसाठी वेगळी जागा धरा, जिथं ह्या पावसाळ्यात मेंढ्या बसल्याच नाहीत, सोयाबीन काढलेलं रान, भुईमूग काढलेलं रान, उसाची लावण व्हायच्या आधीचं रिकामं वावर. कोकरं आधी आणि मेंढ्या मागनं, असा क्रम ठेवा. बांधावरची बोर, बाभूळ, शेवरी तोडून टाका, उंचावरचा पाला जेवढा जास्त पोटात जाईल तेवढ्या अळ्या कमी.

आपल्याकडचे जुने धनगर पावसाळ्यात पश्चिमेचा पाऊस सोडून पूर्वेच्या कोरड्या भागात मेंढरं नेत आले, आणि सुगीनंतर परत येऊन शेतात बसवत आले, रोज नाहीतर दोन दिवसाला तळ बदलत. माझ्या बघण्यात अशा फिरत्या कळपात जंताचा त्रास कमी आणि गावात शेड बांधून त्याच दोन एकरात बारा महिने चारणाऱ्यांत जास्त. नवीन पोरं कर्ज काढून अर्धबंदिस्त मेंढीपालन करतायत, चांगलं आहे, पण फिरणं बंद झालं की जे काम चालण्यानं होत होतं ते आता आपल्याला ठरवून करायला लागणार.

मेंढ्यांचं विसरू नका, कोकरांना जंत देतात त्या आयाच. विण्याच्या आसपास आणि दूध पाजत असताना मेंढीची ताकद कमी पडती आणि तिच्या लेंडीतली अंडी एकदम वाढतात. विण्याआधी दोन-तीन आठवडे तिला चांगला खुराक आणि डोळा-लेंडी बघून औषध, ह्यानं कोकराचं रान स्वच्छ राहतंय. मात्र गाभण राहून पहिला महिना चालू असेल तर अल्बेंडाझोल देऊ नका, गर्भाला धोका असतोय.

आणि सगळ्यांना एकदम, दर महिन्याला, कॅलेंडर बघून औषध पाजायची सवय सोडा. कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात. पावसाळ्यात दर दहा-पंधरा दिवसांनी डोळे बघा, ज्याला लागतंय त्यालाच द्या, बाकीच्यांना सोडा. त्यांच्या पोटात जे थोडे जंत राहतात ते औषधाला मरणारे असतात, आणि रानात त्यांचीही पिलावळ असली तरच औषध जास्त वर्षं चालतंय. तसंच औषध पाजून लगेच कोऱ्या रानात नेलं तर तिथं फक्त औषध पचवलेल्या जंतांचंच बी पडतंय, म्हणून सगळा कळप पाजून स्वच्छ रानात हलवायचा हा जुना सल्ला आता देऊ नये असं माझं ठाम मत आहे. जिचा डोळा दरवेळी पांढराच सापडतोय ती मेंढी आणि तिची कोकरं पैदाशीला ठेवू नका, आणि ज्या मेंढीला औषधाची गरजच पडत नाही तिचं नर कोकरू पुढं पैदाशीला वापरा.

खुराकावर हात आखडू नका. प्रोटीन मिळालं तर कोकरू जंताशी स्वतः झुंजतंय. नुसतं उसाचं वाडं आणि कडबा खाऊन ते होत नाही, रोज पन्नास-शंभर ग्रॅम पेंड आणि भरडा, भुईमुगाचा पाला, शेवरी, एवढं तरी पाहिजे.

मोरचूद पाजायची जुनी पद्धत अजून काही वाड्यांवर आहे, ती बंद करा. मेंढीला तांबं सोसत नाही, यकृतात साठत जातंय आणि एक दिवस लाल लघवी होऊन जनावर जातंय. तंबाखूचं पाणीही नको. पळसपापडी, वावडिंग, कडुनिंब देत असाल तर द्या, पण डोळा पांढरा झालेल्या कोकराला त्याच्या भरवशावर ठेवू नका.

वडगावच्या बाजारातनं नाहीतर जतकडनं माडग्याळ जातीची मेंढरं आणलीत तर नवीन जनावर सरळ कळपात सोडू नका. वेगळ्या घराण्यातली दोन औषधं डॉक्टरांना विचारून द्या, दोन-तीन दिवस गवतावर न सोडता तळावर वैरण टाका, दोन आठवड्यांनी लेंडी तपासा. दुसऱ्याच्या रानातला औषधाला न जुमानणारा जंत आपण पैसे देऊन विकत आणत असतो. अचानक मेलेली धष्टपुष्ट कोकरं मात्र दरवेळी जंताचीच नसतात, बऱ्याचदा ती आंत्रविषाराची (आतड्यात जिवाणूंचं विष होऊन होणारा रोग) असतात, त्याची लस पावसाळ्याआधी आणि कोकरांना दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा टोचून घ्या.

ह्या चाळीसातली काही कोकरं दसरा-दिवाळीला विकायची असतील तर ती आत्ताच बाजूला काढा आणि औषध देताना डॉक्टरांना तसं सांगा. प्रत्येक औषधाच्या लेबलवर मटणासाठी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतंय, क्लोझान्टेल आणि आयव्हरमेक्टिनला ते दिवस बरेच असतात, तेवढे दिवस भरल्याशिवाय ते कोकरू खाटकाला देऊ नका.